फ्रिजवाले मामा आणि भोंग्याचा कान

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून जो गाळा आहे, तिथे फ्रिज दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. पूर्वी सगळे त्यांना फ्रिजवाले म्हणायचे. गेल्या वर्षापासून सगळे मामा म्हणू लागले. मीही म्हणते, आणि मी त्यांच्याहून तीस वर्षांनी तरी मोठी असेन. त्यांची भाची त्यांच्याकडे राहायला आली आणि दिवसभर एवढ्या मोठ्यानं "मामा" म्हणून हाका मारू लागली की त्यांचं दुसरं नाव कुणाच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं.

त्या आवाजामुळेच मामांनी पोरीचं नाव भोंगा ठेवलं. साडेचार वर्षांची, अंगानं काडी, आणि आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत खणखणीत.

भोंग्याचे वडील ती रांगत असतानाच वारले. आईला दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली, पण राहायला मिळाली ती चौघींत मिळून एक खोली. तिथे लेकरू ठेवता येईना. तिची मोठी जाऊ म्हणाली, आमच्याकडे राहू दे. जाऊबाई वाईट नाही. स्वतःचं घर आहे, दोन मुलं आहेत, सगळं शिस्तीत आहे. पण आईनं भावाला विचारलं, आणि भावानं विचार न करता हो म्हटलं. तेव्हा जाऊबाई म्हणाली, "ठेव बाई. पण काही कमीजास्त झालं तर मी येऊन घेऊन जाईन. एकट्या पुरुषाचं काम नव्हे हे."

मामांनी मला हे पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या हातातला स्क्रू पडला. तो शोधायला ते एका फ्रिजमागे गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

काम त्यांचं चोख. पण लग्न केलेलं नाही, घरात कधी लहान मूल नाही. त्यामुळे जे काही शिकले ते आपल्या धंद्याच्या वाटेनं शिकले. वेणी घालायला शिकले ती तारेच्या तीन तुकड्यांवर. काळी, लाल, निळी. ती जमली तेव्हा केसांना हात लावला. भोंगा यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानातल्या सगळ्या बंद फ्रिजांची दारं काढून भिंतीला लावून ठेवली. मी म्हटलं, "हे काय, दुकान मोडलं की काय?" तर म्हणाले, "काकू, पोर खेळता खेळता आत शिरली आणि दार लागलं तर?" तेव्हापासून ते बिनदाराचे फ्रिज ओळीनं उभे असतात आणि भोंगा त्यांच्यात बाहुल्या राहायला ठेवते. वरच्या कप्प्यात श्रीमंत, भाजीच्या ट्रेमध्ये भाडेकरू.

गिऱ्हाईक आलं की मामा पहिला प्रश्न विचारतात, "कुणी हात लावलाय का?" आधी हा, मग बाकीचे. कारण, ते म्हणतात, फ्रिज बिघडला की माणूस प्रथम स्वतः काहीतरी करून बघतो, मग आमच्याकडे येतो आणि केलेलं सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाईंचा किस्सा त्यांच्या आवडीचा आहे. बाईंनी साचलेला बर्फ सुरीनं खरवडला आणि आतली गॅसची नळी फोडली. मामांनी विचारलं, "कुणी हात लावलाय का?" बाई म्हणाल्या, "नाही हो, कुणी नाही." आणि सुरी तिथेच, फ्रिजवर.

तर त्या बुधवारी सकाळी मला खालून हाक ऐकू आली नाही. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी नाही. मी जिन्यात डोकावले तर मामाच वर येत होते. खांद्यावर भोंगा, तिच्या डोक्याला लोकरीची टोपी, डोळे लाल.

"काकू, तुमची जरा मदत पाहिजे. हिचा कान दुखतोय. डॉक्टरीणबाईंची संध्याकाळी पाचची वेळ मिळाली आहे. त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. मला तिथे गेलं की सुचत नाही, मी हो-हो करून येतो. तुम्हाला सवय आहे."

सवय मला आहे खरी. आमच्या ह्यांच्या आजारपणात मी चार वर्षं निरनिराळ्या डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांना वेळ थोडा असतो. तेवढ्यात नेमकं सांगावं लागतं. पाल्हाळ लावला की ते लिहायला लागतात आणि एकदा लिहायला लागले की ऐकत नाहीत.

"बसा," मी म्हटलं. "मी डॉक्टर. सांगा, काय होतंय?"

मामा खुर्चीत ताठ बसले. घसा साफ केला. "नमस्कार. कान दुखतोय."

"कुणाचा?"

"हिचा."

"कुठला?"

मामांनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. "हा."

"तो नाही," भोंगा खांद्यावरून बारीक आवाजात म्हणाली. "माझा."

"उजवा म्हणायचं," मी म्हटलं. "केव्हापासून?"

"रविवारी सर्दी झाली. नाक गळत होतं, पण खेळत होती. काल दुपारी दूध पिताना तोंड वाकडं केलं. मला वाटलं साखर कमी पडली. संध्याकाळी कान धरून बसली. रात्री आडवी केली की रडायची, म्हणून मी खुर्चीत बसून खांद्यावरच झोपवली. दुखणं येतं आणि जातं. कसं सांगू, कॉम्प्रेसर असतो ना, सुरू होतो, थरथरतो, मग आपोआप बंद—"

"डॉक्टरांना कॉम्प्रेसर नको."

"मग काय पाहिजे?"

"टोचतं, ठणकतं, कळ येते, की नुसता दडा बसल्यासारखं वाटतं, ते."

मामांनी भोंग्याकडे पाहिलं. "ठणकतं का गं?"

"ठणकतं म्हणजे काय?"

मामांनी टेबलावर बोटानं वाजवून दाखवलं. ठक, ठक, ठक. भोंग्यानं डोळे मिटून नीट ऐकलं. मग म्हणाली, "असं नाही. कानात कुणीतरी बूट घालून चालतंय."

"हे असंच सांगा," मी म्हटलं.

"बूट? हसतील त्या मला."

"हसू देत. पुढे. ताप?"

"काल रात्री अंग गरम होतं. मागच्या वेळी दिलेलं तापाचं औषध घरात होतं, तेच दिलं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. सकाळी उतरला."

"कानातून काही वाहतंय? उशीवर डाग?"

"उशीवर झोपलीच कुठे. माझ्या शर्टावर काही नव्हतं."

"ऐकू येतं?"

इथे मामांचा चेहरा खुलला. "ते मी तपासलं. तिच्या पाठीमागे उभं राहून हळूच बिस्किटाचा पुडा फोडला. लगेच वळली."

"छान केलंत. आता सगळं पहिल्यापासून एकदा सलग म्हणा."

मामांनी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. हातात कागद घ्यायला तयार नव्हते. कागद बघून बोललं की समोरच्याला वाटतं याला काही येत नाही, म्हणाले. तिसऱ्यांदा तर ते अगदी बसच्या वेळा सांगितल्यासारखं घडाघडा बोलले. पण तिन्ही वेळा एक गोष्ट माझ्या कानाला लागली. संध्याकाळी कान धरून बसली, इथे ते क्षणभर थांबायचे, आणि एकदम "रात्री आडवी केली की" वर उडी मारायचे.

"संध्याकाळी कान धरून बसली," मी म्हटलं, "आणि मग?"

"मग रात्री रडली."

"मधे?"

"मधे काही नाही."

मी सहजच, त्यांच्या ढबीत, चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणी हात लावलाय का?"

"नाही हो, कुणी नाही."

हुबेहूब बँकवाल्या बाई. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि टोपीची गोंड्याची दोरी बोटाभोवती गुंडाळायला लागले.

"भोंगा," ते म्हणाले, "आजीच्या खिडकीत कबुतर आलंय का बघ."

भोंगा पाय ओढत खिडकीशी गेली. मामा पुढे वाकले.

"काकू, ती म्हणाली कानात काहीतरी अडकलंय. पाणी हलतंय म्हणाली. आता तुम्हाला माहीत आहे, फ्रिजच्या आत मागच्या बाजूला खाली एक बारीक भोक असतं, वितळलेलं पाणी जायला. ते तुंबलं की आम्ही काय करतो, बिनसुईच्या सिरिंजनं कोमट पाणी मारतो. एक फटका, की मोकळं."

"मामा."

"दुकानातली सिरिंज नाही घेतली हो. औषधाच्या दुकानातून कोरी आणली. पाणी उकळून कोमट केलं, मनगटावर टाकून बघितलं. हळूच मारलं. तिला गुदगुल्या झाल्या, हसली. आणि नंतर तासाभरानं रडायला लागली." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "माझ्यामुळेच वाढलं असणार."

"हे डॉक्टरांना सांगायचं."

"सांगायलाच पाहिजे का?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला काय म्हणता?"

"फ्रिजचं वेगळं आहे, काकू. फ्रिजला मोठी जाऊबाई नसते." ते हसायला गेले पण जमलं नाही. "डॉक्टरीणबाई माझ्या बहिणीला ओळखतात. भोंगा जन्मली तेव्हापासून त्यांचंच औषध. त्यांनी फोन केला की बहिणीला कळणार, बहिणीकडून जाऊबाईंना. आणि मग त्या येतील. चूक आहे का त्यांची? पोरीच्या कानात फ्रिजसारखं पाणी मारणारा माणूस. मी असतो त्यांच्या जागी तर मीही घेऊन गेलो असतो."

मी म्हटलं, "मी तुमच्याबरोबर येते. पण हे मी सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही."

"बघू," ते म्हणाले.

"कबुतर नाहीये," भोंगा खिडकीतून म्हणाली. "मामा, दुखतंय."

संध्याकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. केस चापून बसवलेले. नखांतलं काळं ग्रीस मात्र काही केल्या निघत नाही, तेवढं राहिलं होतं. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, किराणा दुकानाच्या वर. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका टोपलीत चाकं गेलेल्या मोटारी, कोपऱ्यात थंड पाण्याचा कूलर. मामा सतत तिकडे बघत होते.

"काय झालं?"

"पंखा घासतोय त्याचा. ऐका." मग थोड्या वेळानं, "मी काही बोलणार नाही. माझं काम नाही ते."

नंबर आला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, हातांनी चपळ, बोलण्यात मोजक्या. "काय भोंगा, आज आवाज कुठे ठेवून आलीस?"

भोंग्यानं मामाकडे बोट केलं. मामा सुरू झाले. उजवा कान, रविवारी सर्दी, काल दुपारी दूध, संध्याकाळी कान धरून बसली, रात्री आडवी केली की, ताप, औषध किती, सकाळी उतरला, काही वाहिलं नाही, ऐकू येतं. मधली उडी तशीच. शेवटी कसनुसं तोंड करून म्हणाले, "आणि ती म्हणते, कानात कुणीतरी बूट घालून चालतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. भोंग्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एक जण चालतोय की पुष्कळ?"

"एक," भोंगा म्हणाली. "जाडा आहे."

"बरोबर. चांगलं सांगितलंस." मग मामांना म्हणाल्या, "मांडीवर घ्या, डोकं छातीशी धरा, हलू देऊ नका."

आधी डावा कान बघितला, मग उजव्यात दिवा घातला. भोंग्यानं मामांचा इस्त्रीचा शर्ट मुठीत चुरगळला. मामांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते कोण जाणे.

"पडदा लाल आहे. थोडा फुगलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर्दीचंच आहे हे, नाकाकडून आत गेलेलं. बाहेरच्या नळीत जराशी ओल दिसते. आंघोळीचं पाणी गेलं असेल." आणि त्या लिहायला लागल्या.

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवली की झालं. मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत बसले, म्हणजे मामांना माझ्याकडे बघावं लागू नये.

"पाणी गेलं नाही," मामा म्हणाले. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले. "पाणी आपोआप गेलं नाही. मी घातलं."

पेन थांबलं.

मामांनी मग सगळं सांगितलं. कोरी सिरिंज, सुई नव्हती, पाच मिलीची, उकळून कोमट केलेलं पाणी, मनगटावर बघितलं, अर्धीच मारली. सांगताना ते तालमीतलं काहीच बोलले नाहीत. अडखळत होते, मागचं पुढे करत होते.

"फ्रिजला करतात तसं," भोंग्यानं भर घातली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडा भोंगा आला. "मी फ्रिज झाले होते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, दिवा पुन्हा उचलला आणि उजवा कान पुन्हा बघितला. या वेळी पुष्कळ वेळ. कान मागे ओढून, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बाहेर कूलरचा पंखा घासत होता तो मलाही ऐकू यायला लागला.

"पडदा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "भोक नाही. पाण्यानं काही बिघडलेलं नाही. दुखणं वाढलं ते वाढणारच होतं, आतून."

मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की भोंग्याच्या टोपीचा गोंडा हलला.

"पण आज रात्री पुन्हा रडली असती तर काय केलं असतं?"

मामांनी भोंग्याची टोपी सारखी केली.

"पुन्हा पिचकारी?"

"हो," मामा म्हणाले. "जरा जोरात."

"आत दाब वाढून कधी कधी पडदा फुटतो. फुटल्यावर पाणी मारलं असतं तर ते सगळं आत गेलं असतं. म्हणून विचारते. तुमच्याकडे आलेला फ्रिज मी उघडू का?"

"नको."

"मग हिचा कान तुम्ही धुवू नका. पाणी नाही, तेल नाही, कापसाची काडीसुद्धा नाही." त्यांनी औषधं लिहून दिली, किती वाजता काय ते समजावलं. पुन्हा ताप चढला किंवा कानातून पाणी आलं तर लगेच या म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "हिच्या आईला कळवलंत?"

"नाही."

"कळवा. मी नाही करणार फोन, तुम्ही करा. पिचकारीसकट."

खाली औषधाच्या दुकानाबाहेर बाक होता. औषधाचा पहिला चमचा तिथेच दिला. भोंगा मामांच्या खांद्यावर पडून राहिली. तिच्या आईची कामाची पाळी संपायची वेळ झाली होती. मामांनी फोन हातात धरला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. एका हातानं पोरीला धरायचं असल्यामुळे त्यांनी फोन मोठ्या आवाजावर करून बाकावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नाहीतर मी उठून गेले असते.

"हां दादा, बोल. भोंगा कुठाय?"

"इथेच आहे. झोपतेय. ऐक, आधी मी काय केलं ते ऐक. बाकीचं नंतर सांगतो. मधे बोलू नकोस."

आणि त्यांनी पिचकारीपासून सुरुवात केली. दूध नाही, सर्दी नाही; आधी पिचकारी. पलीकडे बायकांच्या बोलण्याचा, लोखंडी दार ओढल्याचा आवाज येत होता. मामांचं सांगून झालं.

"आहेस ना?" मामांनी विचारलं.

"आहे. रडली?"

"पिचकारीला नाही. तेव्हा हसली. नंतर रडली."

"पडदा?"

"शाबूत आहे."

"नीट बघितला त्यांनी?"

"दोनदा."

मग ती म्हणाली, "दादा, तू ना एक दिवस तिला रंग मारून, स्टँडवर उभी करून गिऱ्हाइकाला देशील."

मामांना हसावं की नाही ते कळेना. "मोठ्या जाऊबाईंना—"

"त्यांना मी सांगते. माझ्या पद्धतीनं. तू त्यांच्याशी काही बोलू नकोस, तुला बोलता येत नाही." पलीकडे पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. "आणि हे बघ, पुढच्या वेळी हिला काही झालं तर आधी मला फोन. मी कामावर असले तरी. मशीन चालू असलं तरी."

"कामावर असलीस तरी," मामा म्हणाले.

"काही हातात घ्यायच्या आधी."

"घ्यायच्या आधी."

"ठेवते. बस आली. उठली की बोलायला दे."

फोन बंद झाला. मामा त्या काळ्या काचेकडे बघत बसले. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. भोंग्याचा श्वास आता संथ चालला होता, तोंड उघडं, एक हात अजून शर्टाच्या कॉलरमध्ये.

"काकू," मामा हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी म्हणाली."

"ऐकलं मी."

"म्हणजे नेत नाहीत."

"नाही नेत."

त्यांनी मान हलवली. औषधाची पिशवी माझ्या हातात दिली, पोरीला जरा वर सरकवून दुखरा कान वरच्या बाजूला येईल असं धरलं आणि उठले. कोपऱ्यावर एका मोटारीनं जोरात हॉर्न वाजवला, तेव्हा थांबून त्या ड्रायव्हरकडे असं काही बघितलं की त्यानं पुन्हा वाजवला नाही.